स्टिकरवरचे तीन हजार वॅट

मागच्या महिन्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लिहिलं, तेव्हा 'पुढच्या वेळी पाण्याची टाकी' असं कबूल केलं होतं. टाकी एक महिना थांबेल. कारण मधेच आमच्या भाच्याचा फोन आला.

भाचा म्हणजे ताईचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांनी दिवाळीत गाडी चालवणं कायमचं थांबवलं आणि त्यांची जुनी हॅचबॅक नातवाला दिली. नातवाने आठ दिवसांत मित्राकडून दोन बारा इंची सबवूफर उचलले. पेटीसकट, अर्ध्या किमतीत. आता उरलं होतं त्यांना ताकद देणारं यंत्र.

"मामा, कोटीला साडेचार हजारात तीन हजार वॅटचा अ‍ॅम्प मिळतोय. घेऊ ना?"

"एकूण पैसे किती आहेत तुझ्याकडे?"

"दहा. पण अ‍ॅम्प साडेचारला मिळतोय तर बाकीच्यात निळे लाइट लावीन म्हणतो."

मी म्हटलं, रविवारपर्यंत काही घेऊ नकोस, मी येतो. एरवी मी कुणाच्या हौसेत पडत नाही. पण ही गाडी मला ओळखीची आहे. तिच्या डावीकडच्या पुढच्या मॅटखाली हातभर लांबीचा एक काळा डाग आहे, आणि तो माझ्या हौसेचा आहे.

आठ वर्षांपूर्वी हीच खटपट मी केली होती. कारण मात्र वेगळं होतं. आमच्या बाबांना आपल्या मंडळातले जुने सभासद तबल्यामुळे ओळखतात. बँकेची नोकरी आणि काचिगुड्याच्या घरात संध्याकाळी तबल्याची शिकवणी, असं त्यांनी तीस वर्षं केलं. ते गाडीत तबला सोलो लावायचे आणि दर वेळी म्हणायचे, "हा नुसता दायाँ वाजतोय. डग्गा घरी विसरून आलेत." ते खरंच होतं. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही खाली असतो. दारातले कंपनीचे सहा इंची स्पीकर तिथे पोचेपर्यंत दमतात. म्हणून पहिल्या बोनसमधून मी त्यांच्या गाडीत एक सबवूफर आणि एक स्वस्त अ‍ॅम्प बसवून घेतला. दुकानदाराने दोन तासांत काम उरकलं. डग्गा वाजला. बाबा इतके खूश झाले की त्या वर्षी तुळजापूरला गाडीनेच जायचं ठरलं.

जहिराबाद मागे पडलं आणि काहीतरी जळल्याचा वास यायला लागला. मला वाटलं बाहेरून येतोय. मग बाबांच्या पायांपाशी धूर दिसला. मी गाडी कडेला घेईपर्यंत त्यांनी खाली वाकून मॅट उचलली. मॅटखालची वायर वितळली होती, आणि तिचं ते उकळतं प्लास्टिक त्यांच्या तळहाताला चिकटलं. डाव्या तळहाताला. मागून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर थांबला, त्याने दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं टर्मिनल सोडवलं, तेव्हा धूर बंद झाला. बाबांनी पुढचे तीन महिने डग्ग्यावर हात ठेवला नाही. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात आपल्या मंडळात दुसऱ्यांनी साथ केली, ती का, ते आज सांगतोय.

अ‍ॅम्पला काहीही झालं नव्हतं. तो अजून चालतो. जळली होती ती बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणारी वायर. इंजिनमधून आत येताना ती पत्र्याच्या उघड्या भोकातून ओढली होती. तिथे रबरी बूच नव्हतं. पत्रा महिनाभर वायरला घासत राहिला, आवरण फाटलं, तांबं बॉडीला लागलं. गाडीची सगळी बॉडी म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू. छोट्या गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरीसुद्धा अशा वेळी काहीशे अँपिअर ओतू शकते, कारण स्टार्टर फिरवायला तिला तेच करावं लागतं. मधे एक फ्यूज असता तर तो क्षणात उडाला असता आणि आम्हाला फक्त गाणं बंद पडल्याचं कळलं असतं. फ्यूज अ‍ॅम्पवर होता, डिकीत. पण तो अ‍ॅम्पला वाचवतो. वायरला वाचवणारा फ्यूज बॅटरीपाशी लागतो, जास्तीत जास्त दीड फुटाच्या आत. दुकानदाराने तो लावला नव्हता आणि मी विचारला नव्हता. मी तेव्हा बीई होऊन चार वर्षं झाली होती, हे आणखी वाईट.

रविवारी भाच्याला घेऊन कोटीला गेलो. गुजराती गल्लीत ज्यांनी कधी पाऊल ठेवलंय त्यांना माहीत आहे, तिथे प्रत्येक दुकान शेजारच्या दुकानावर आवाजाने मात करायला बसलेलं असतं. भाच्याचा तो अ‍ॅम्प काउंटरवर काढून ठेवलेला होता. चकचकीत, वर पंख्याची जाळी, आणि सोनेरी अक्षरांत 3000 वॅट.

"साब, ये लगाओ तो पूरी गल्ली हिल जाती," दुकानदार म्हणाला.

मी भाच्याला म्हटलं, वरचं वाचू नकोस. उलटा कर आणि फ्यूज बघ. मागच्या बाजूला 30 चा एकच फ्यूज होता.

आता साधं गणित. चालू गाडीत व्होल्टेज साधारण 14 असतं. 30 अँपिअर गुणिले 14 व्होल्ट, म्हणजे 420 वॅट. एवढीच वीज आत जाऊ शकते. जास्त गेली तर फ्यूज उडेल. शिवाय आत गेलेली सगळी वीज बाहेर आवाज होऊन येत नाही. जुन्या पद्धतीच्या एबी क्लास अ‍ॅम्पमध्ये जवळपास निम्मी उष्णता होते, डी क्लासमध्ये साधारण पाचवा हिस्सा. हा चार चॅनलचा एबी क्लास होता. म्हणजे बाहेर येणार सव्वादोनशे वॅट, फार तर अडीचशे. उरलेले पावणेतीन हजार त्या स्टिकरवरच राहतात.

भाच्याने खिशातून मोबाइल काढून गुणाकार केला. मुलं पाढे विसरली आहेत, ते असो. पण त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

स्टिकरवर जो आकडा असतो तो 'मॅक्स' किंवा 'पीक' असतो, आणि तो कसा काढायचा याचा काही नियम नाही. कंपनीला वाटेल तो. बघायचा तो आरएमएस वॅट, म्हणजे जो अ‍ॅम्प सतत देऊ शकतो. त्यातही किती ओहमला, हे शेजारी लिहिलेलं पाहिजे. चांगल्या अ‍ॅम्पच्या खोक्यावर सीईए-2006 असं लिहिलेलं सापडतं. त्याचा अर्थ तो आकडा 14.4 व्होल्टवर, 4 ओहमच्या भाराला आणि एका टक्क्यापेक्षा जास्त विकृती न होऊ देता मोजलेला आहे. ते नसेल तर फ्यूजचं गणित करा. फ्यूज सहसा थाप मारत नाही.

ओहमचं प्रकरण जरा किचकट आहे, पण तिथेच सगळ्यात जास्त अ‍ॅम्प जळतात. भाच्याचे दोन्ही सबवूफर एकेका कॉइलचे, 4 ओहमचे, प्रत्येकी 250 वॅट आरएमएस. दोन्ही समांतर जोडले की 2 ओहम होतात, एकापुढे एक जोडले की 8. नळाची उपमा देतो: ओहम कमी म्हणजे तोटी जास्त उघडी, जास्त प्रवाह. मग 2 ओहम चांगलाच की, असं वाटतं. पण अ‍ॅम्पला तेवढा प्रवाह झेपला पाहिजे ना. चार चॅनलच्या अ‍ॅम्पवर सबवूफर चालवायचा तर दोन चॅनल एकत्र करावे लागतात, त्याला ब्रिज म्हणतात. ब्रिज केलेल्या अ‍ॅम्पला बहुतेक वेळा किमान 4 ओहम लागतात. तिथे 2 ओहम लावले की आतल्या प्रत्येक चॅनलला 1 ओहम दिसतो. मग तापतो, लाल दिवा लावतो, बंद पडतो. दुकानात तो पाच मिनिटं छान वाजतो, कारण पाच मिनिटांत तापत नाही.

म्हणून नुसत्या सबवूफरसाठी एकच चॅनल असलेला, डी क्लासचा मोनो अ‍ॅम्प बरा. कमी तापतो, कमी वीज खातो आणि 2 ओहम झेपतील असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. नवा चांगल्या कंपनीचा घ्यायचा तर भाच्याचे सगळेच पैसे त्यात गेले असते. वायरला काही उरलं नसतं.

"मग नवा कशाला? जुना बघू," मी म्हटलं.

जुन्या अ‍ॅम्पविषयी लोकांच्या मनात उगाच भीती असते. त्यात फिरणारं काही नसतं (पंखा सोडून). झिजायचं ते कपॅसिटर आणि तापून गेलेले ट्रान्झिस्टर. चांगल्या कंपनीचा पाच वर्षांचा जुना मोनो अ‍ॅम्प हा नव्या सोनेरी डब्यापेक्षा मला केव्हाही चालेल. त्याच गल्लीत आत एक म्हातारे चाचा दुरुस्तीचं दुकान चालवतात, त्यांच्याकडे एक निघाला. 4 ओहमला 250 वॅट, 2 ओहमला 400. मागे 20 चे दोन फ्यूज. चाळीस गुणिले चौदा, 560, त्यातला पाचवा हिस्सा गेला की साडेचारशेच्या आत. म्हणजे 400 हा आकडा प्रामाणिक आहे. भाच्याने हा हिशेब आता न विचारता केला.

घेण्याआधी मी नाकाने तपासलं. जळलेल्या सर्किटचा वास वर्षानुवर्षं जात नाही. तळाचे स्क्रू घासलेले असले तर समजायचं की कुणीतरी आत जाऊन आलंय. वायर कसायच्या टर्मिनलचे आटे गेलेले नाहीत ना, ते फिरवून पाहिलं. मग चाचांना म्हटलं, अर्धा तास वाजवून दाखवा. "हौ, बैठो, चाय पियो," ते म्हणाले. अर्ध्या तासाने हात लावला तर कोमट होता. सहा हजार सांगितले, पाच हजार दोनशेला दिला.

भाच्याचा शेवटचा प्रश्न होता, "मामा, चारशेच? मित्राकडे आठशेचा आहे."

हे लिहून ठेवण्यासारखं आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. लक्ष देऊन ऐकलं तर कळतो, एवढाच. कानाला आवाज दुप्पट मोठा वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. म्हणजे चारशेचे आठशे करायला जो पैसा आणि जी वीज लागते, तिचा मोबदला फार थोडा. आणि ती वीज येणार कुठून? आमच्या गाडीचा आल्टरनेटर 70 अँपिअरचा. दिवे, एसीचा पंखा, वायपर, इंजिनचं कॉम्प्युटर यांचं भागवून जे उरतं त्यात 400 वॅटचा अ‍ॅम्प आरामात बसतो. पूर्ण जोरात तो 37 अँपिअरच्या आसपास मागेल, पण संगीत काही सतत पूर्ण जोरात नसतं. सरासरी त्याच्या एक तृतीयांश धरा. आठशेच्या अ‍ॅम्पला मात्र दर ठोक्याला हेडलाइट मिचकावतात. तो मित्र त्याला 'इफेक्ट' म्हणतो.

दुपारी ट्रूप बाजारात गेलो. वायरचं दुकान. हा माझ्या मते खरेदीचा मुख्य भाग आहे, आणि इथेच पोरं हात आखडतात. कार अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात 'अ‍ॅम्प किट' म्हणून जे रंगीत पाकीट मिळतं त्यात वायर जाडजूड दिसते, पण बऱ्याचदा जाडी प्लास्टिकची असते. आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्याची वहनक्षमता शुद्ध तांब्याच्या दोन तृतीयांशाहूनही थोडी कमीच. ओळखायचं कसं? एक तार चाकूने खरवडायची. आतून पांढरी दिसली तर अ‍ॅल्युमिनियम. हातात घेतली तरी कळतं, ती फारच हलकी लागते.

आम्ही सरळ विजेच्या दुकानातून 10 चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची वायर घेतली. सहा मीटर लाल, एक मीटर काळी. तांब्याचा भाव ऐकून भाचा म्हणाला, "एवढे पैसे नुसत्या वायरचे?" त्याला वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं. घरातल्या प्लगला जी अडीच चौरस मिलिमीटरची वायर असते, ती पाच मीटर ओढली आणि तिच्यातून 30 अँपिअर नेले, तर एक व्होल्टहून जास्त वाटेतच गळतो आणि मॅटखाली पस्तीसेक वॅटची उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न एवढाच असतो. मॅटखाली सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून कुणी तुळजापूरला जाईल का? जाडी चौपट केली की हेच सगळं एक चतुर्थांश होतं.

वर वायरला घालायची काळी नालीदार नळी, कारण घरगुती वायरचं आवरण इंजिनच्या उष्णतेला केलेलं नसतं. पत्र्याच्या भोकासाठी रबरी बूच, वीस रुपये. 40 चा फ्यूज, बंदिस्त होल्डरसकट, साडेतीनशे रुपये. वायर, नळी, लग, बूच, फ्यूज सगळं मिळून दोन हजार शंभर. अ‍ॅम्प धरून सात हजार तीनशे. निळ्या दिव्यांचे पैसे अजून उरले आहेत, त्यात मी पडलो नाही.

बसवायचं काम आम्ही आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये केलं. बाबा प्लास्टिकची खुर्ची टाकून देखरेखीला बसले. सगळं सांगत बसत नाही, दोन-तीन गोष्टी सांगतो. पहिलं काम बॅटरीचं निगेटिव्ह काढणं आणि शेवटचं काम ते लावणं. फ्यूज होल्डरमध्ये सगळ्यात शेवटी. अ‍ॅम्पची काळी वायर डिकीतच, शक्य तितकी आखूड, पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने खरवडून चमकता पत्रा दिसल्यावरच कसायची. रंगावर कसली की गाडीचा वेग वाढेल तशी स्पीकरमधून शिट्टी ऐकू येते. कंपनीच्या स्टिरिओला अ‍ॅम्पसाठी वेगळी जोडणी नव्हती. पण या अ‍ॅम्पला स्पीकरच्या तारेवरूनच सिग्नल घेता येतो, त्यामुळे नवा स्टिरिओ घ्यावा लागला नाही. कमी पैशांत काम करायचं तर अ‍ॅम्प निवडताना ही सोय जरूर बघा. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र कंपनीच्या वायरी कापण्याआधी डीलरला विचारा. आमची गाडी वॉरंटीच्या पलीकडे गेलेली.

मग गेन. अ‍ॅम्पवर स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा एक छोटा खटका असतो. लोक त्याला आवाजाचं बटण समजतात आणि शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. तो आवाजाचा नाही. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्पची ताकद यांचा मेळ घालायला आहे. जास्त फिरवला की आवाजाच्या लाटेची टोकं सपाट कापली जातात, आणि तसा सिग्नल सतत मिळाला की सबवूफरची कॉइल भाजते. मल्टिमीटरने तो लावता येतो. 400 वॅट गुणिले 2 ओहम, त्याचं वर्गमूळ, 28 व्होल्ट. सबवूफरच्या तारा सोडवून, स्टिरिओ तीन चतुर्थांशावर, मोबाइलवरून 50 हर्ट्झचा सूर लावून, एसी व्होल्टवर मीटर ठेवून खटका हळूहळू फिरवायचा. आम्ही 26 वर थांबलो. सबवूफरकडे 80 हर्ट्झच्या वरचं काही जाऊ नये असा फिल्टर लावला.

फ्यूज घालायच्या आधी बाबा खुर्चीवरून उठले. बॉनेटपाशी येऊन त्यांनी लाल वायर बॅटरीपासून पत्र्याच्या भोकापर्यंत डोळ्यांनी तपासली. रबरी बूच बोटाने दाबून पाहिलं. मग म्हणाले, "हं. घाल आता."

भाच्याने त्याचं काहीतरी लावलं, खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या, तेव्हा बंद केलं. मग बाबांनी त्यांचा तबला सोलो लावायला सांगितला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. दार लावून घेतलं. आम्ही दोघं काचेतून बघत होतो. पेशकार संपून कायदा सुरू झाला असावा, त्यांचा डावा हात मांडीवर चालायला लागला. पाचेक मिनिटांनी काच खाली केली.

"वाजतोय. पण डग्गा एवढा कोणी वाजवत नाही रे. कमी कर."

भाच्याने गेन थोडा मागे घेतला. बाबांनी मान हलवली. आणखी मागे. परत मान हलवली. असं चार वेळा झालं, तेव्हा ते म्हणाले, "आता बरोबर."

सबवूफरच्या तारा सोडवून भाच्याने उत्सुकता म्हणून पुन्हा मीटर लावला. 19 व्होल्ट. मी काही बोलायच्या आत त्याने तोंडीच हिशेब केला: एकोणीस एकोणीस तीनशे एकसष्ट, भागिले दोन, एकशे ऐंशी वॅट.